रुपया पडतोय, म्हणून सगळं डॉलरमध्ये न्यावं का?

प्रश्न: मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ४४. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, २००८ साली लागले. यजमान तासगावजवळची आमची चार एकर द्राक्षबाग बघतात. माल चांगला निघाला तर युरोपला जातो, नाहीतर बेदाणा. मुलगी बारावीला आहे. इथेच इंजिनिअरिंग करून पुढे मास्टर्सला जर्मनीला जायचं म्हणते. मुलगा सातवीत. माझ्या नावावर सात फंडांत मिळून महिना २४,००० ची एसआयपी आहे (लार्ज कॅप, दोन फ्लेक्सी कॅप, लार्ज अँड मिड कॅप, मिड कॅप, स्मॉल कॅप आणि करबचतीचा ईएलएसएस). आजवर साधारण १४ लाख झालेत. बँकेत ६ लाखांची एफडी आणि घरात पंचवीस तोळे सोनं आहे.

न्यू जर्सीचे दीर प्रत्येक फोनवर सांगतात, "वहिनी, रुपया दरवर्षी पडतो, सगळं डॉलरमध्ये टाका." ॲपवरून थेट अमेरिकन शेअर घ्या म्हणतात. विट्याचा माझा भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात आहे, त्याच्या मते सोन्यासारखं काही नाही. आमचा एजंट एक 'ग्लोबल' एनएफओ (नव्याने निघणारा फंड) आणतोय, दहा रुपयांना युनिट. यजमान विचारतात, हळदीचा वायदा असतो तसा रुपयाचाही वायदा करून भाव बांधून घेता येत नाही का? परदेशी फंडात किती टक्के टाकावेत? आणि उद्या रुपयाच वधारला तर?

उत्तर: ताई, टक्क्यांकडे नंतर येतो. आधी एक सांगा, पुढच्या तीस वर्षांत तुमच्या घरातला कोणता खर्च परदेशी चलनात होणार आहे? किराणा, बागेची मजुरी, मुलाची फी, दवाखाना, तुमचं निवृत्तीनंतरचं आयुष्य हे सगळं सांगलीत आणि रुपयांतच चालणार. परदेशी चलनाचा खर्च एकच दिसतो, मुलीच्या जर्मनीचा. तो युरोत आहे, डॉलरमध्ये नाही. चलनाची जोखीम मोजायची ती अशा खर्चापासून. दिरांचा उभा संसार डॉलरमध्ये आहे, त्यांना सगळं डॉलरमध्ये ठेवणं सोयीचं पडतं. तुमचं गणित वेगळं आहे.

डॉलर काय आणि युरो काय, रुपयापुढे दोन्ही सारखेच असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. २००२ च्या मध्याला डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता, २००८ च्या सुरुवातीला तो ३९ वर आला. म्हणजे रुपया चांगला वधारला. पण त्याच काळात युरो रुपयांत महाग होत गेला. २०२२ मध्ये नेमकं उलटं झालं. डॉलर ७४ वरून ८२ च्या घरात गेला आणि युरो मात्र वर्षाच्या सुरुवातीला ८४ च्या आसपास होता, तो सप्टेंबरात ८० च्या खाली उतरला. त्या महिन्यात युरो डॉलरपेक्षाही स्वस्त होता. तेव्हा जर्मनीच्या खर्चासाठी अमेरिकेचा फंड घेऊन ठेवला की सोय झाली, असं धरून चालू नका.

आता तो खर्च किती, ते बघू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळपास नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. खरी अडचण ब्लॉक्ड अकाउंटची. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आगाऊ त्या खात्यात भरून दाखवावे लागतात, मग तिथे गेल्यावर ते महिन्याच्या हप्त्याने हातात येतात. ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२. २०१९ च्या मध्यापर्यंत ती ८,६४० युरो होती.

तेव्हा युरो ७९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे पावणेसात लाखांत भागत होतं. २०२४ च्या सप्टेंबरात युरो ९३ च्या आसपास, म्हणजे अकरा लाखांच्या वर. पाच वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त वाढ झाली. त्यातली रुपया पडल्यामुळे झालेली वाढ अठरा टक्क्यांच्या आसपास आहे, मोठा वाटा जर्मनीने रक्कमच वाढवली त्याचा. रुपयाची चर्चा घरोघरी होते, ही दुसरी वाढ कुणाच्या हिशेबातच नसते. आज युरो शंभरच्या वर गेला आहे, म्हणजे आजच्या भावाने बारा लाख. पाच वर्षांनी सोळा-सतरा लाख लागतील असं धरून चला. जास्त लागले तर शैक्षणिक कर्जाचा पर्याय आहेच आणि त्यात कमीपणा काही नाही.

हे पैसे पाच वर्षांनी, ठरलेल्या महिन्यात, पूर्ण लागणार आहेत. व्हिसाची तारीख बाजार सावरेपर्यंत थांबत नाही. म्हणून ते शेअर बाजारात नकोत, ना इथल्या, ना अमेरिकेच्या. साधी आवर्ती ठेव किंवा कमी मुदतीचा डेट फंड, म्हणजे रोख्यांत पैसे ठेवणारा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा तुमच्या स्लॅबनेच करपात्र होतो, बँकेच्या व्याजासारखा, त्यामुळे दोन्हींत फार फरक उरला नाही. ज्याला तुम्ही मध्येच हात लावणार नाही, ते निवडा. युरोची जोखीम याने जात नाही, हे मान्य. पण इथे बसून युरोत साधी मुदत ठेव ठेवायची सोय तुमच्यासारख्या पगारदाराला सहज नाही. युरोपचा शेअर फंड घ्यावा तर चलनाची जोखीम कमी करायला बाजाराची मोठी जोखीम गळ्यात बांधल्यासारखं होतं. त्यापेक्षा रक्कम थोडी जास्त धरणं स्वस्तात पडतं.

पैसे पाठवायची वेळ आली की भाव उतरायची वाट बघत बसू नका, बँकेशी घासाघीस करा. टीव्हीवर दिसतो तो भाव तुम्हाला मिळत नाही. बँक टीटी सेलिंग रेट, म्हणजे परदेशी चलन विकायचा तिचा स्वतःचा भाव, लावते, त्यात तिचा नफा असतो आणि तो बोलून कमी होतो. युरोमागे दीड रुपया वाचला तर ११,९०४ युरोंवर जवळजवळ अठरा हजार वाचतात. जर्मनीच्या विमानाचं अर्धं भाडं निघतं.

दिरांच्या "दरवर्षी पडतो" याकडे येतो. लांबून बघितलं तर त्यांचं चुकत नाही. २००० साली डॉलर ४५ च्या आसपास होता, आज नव्वदीच्या आसपास आहे. पंचवीस वर्षांत दुप्पट. ऐकायला भयंकर वाटतं, पण वर्षाला हिशेब केला तर तीन टक्क्यांच्याही थोडा आतच येतो. त्याच पंचवीस वर्षांत आपल्या बँकांनी मुदत ठेवीवर अमेरिकेतल्या बँकांपेक्षा कितीतरी जास्त व्याज दिलं. आपल्याकडे महागाई जास्त, म्हणून व्याज जास्त, म्हणून रुपया हळूहळू खाली. हे तिन्ही एकाच दावणीचे बैल. त्यातला एकच दाखवून "बघा, रुपया पडतो" म्हटलं की ऐकणारा घाबरतो. निव्वळ रुपया पडतो म्हणून परदेशी फंड घेणारा माणूस २००२ साली घेऊन २००८ ला बघता, तर चलनात वीस टक्के गमावून बसला असता.

मग परदेशी फंड घ्यायचा तरी कशाला? कारण आपला बाजार आणि डॉलर बऱ्याचदा उलट्या दिशेने चालतात. जगात घबराट झाली की परदेशी गुंतवणूकदार आपल्याकडून पैसे काढतात, शेअरही पडतात आणि रुपयाही पडतो. २००८ मध्ये सेन्सेक्स जवळपास ५२ टक्के पडला. अमेरिकेचा मोठा निर्देशांक एस अँड पी ५०० लाभांश धरून ३७ टक्के पडला, पण डॉलर त्या वर्षात ३९ वरून ४८ च्या पुढे गेला. त्यामुळे तो इथे बसून धरणाऱ्याचं रुपयांतलं नुकसान बावीस-तेवीस टक्क्यांवर थांबलं. गुणाकार असतो हा: १०० चे ६३ झाले आणि डॉलर २३ टक्के वर गेला, तर ६३ गुणिले १.२३, साधारण ७७. २०२२ मध्ये तेच दिसलं, अमेरिकेत १८ टक्के तोटा, रुपयांत नऊच्या आसपास. अर्थात त्या वर्षी निफ्टी चार टक्के वरच होता, म्हणजे परदेशी फंडाने उपकार केले असं नाही. फक्त खड्डा निम्मा झाला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. रुपया वधारला तर हाच गुणाकार उलटा चालतो. अमेरिकेत फंड आठ टक्के वाढला आणि डॉलर आठ टक्के उतरला तर तुमच्या हातात शून्य, खरं तर शून्याच्याही किंचित खाली. एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) रुपयांत छापलेली असते म्हणून ही गोष्ट लक्षात येत नाही. आपल्याकडच्या परदेशी शेअर फंडांत चलनाची ही वर-खाली सहसा बांधून घेतलेली नसते, जशी होते तशी तुमच्या अंगावर येते. पण रुपया वधारतो तेव्हा बहुतेक वेळा इथला बाजारही तेजीत असतो. तुमची मोठी रक्कम इथेच आहे, ती तेव्हा कमावते. म्हणून हिस्सा लहान ठेवायचा आणि मग रुपयाचा भाव रोज बघायचा नाही.

अमेरिका म्हणजे कायम वर, हाही एक गैरसमज काढून टाका. २००० ते २००९ या दहा वर्षांत एस अँड पी ५०० मध्ये पैसे ठेवणारा लाभांश धरूनही तोट्यात होता, त्याच काळात सेन्सेक्स साडेतीन पट झाला. टेक कंपन्यांचा भरणा असलेल्या नॅस्डॅकने मार्च २००० मधली उंची परत गाठली ती २०१५ मध्ये. जपानचा निक्केई १९८९ च्या शेवटी जिथे होता तिथे यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला, चौतीस वर्षं. दीर नॅस्डॅकचं नाव घेतात कारण गेल्या दहा-बारा वर्षांत त्याने डोळे दिपवले. घ्यायचाच तर अमेरिकेचा रुंद निर्देशांक किंवा जगातल्या बऱ्याच देशांचा फंड घ्या, शंभर मोठ्या टेक-बिक कंपन्यांचा नको.

ॲपवरून थेट अमेरिकन शेअर घेण्याबद्दल माझं स्पष्ट मत: तुमच्यासाठी नको. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाखांच्या वर रक्कम गेली की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. तुम्ही एवढे पाठवणार नाही, ठीक. पण एक शेअर जरी परदेशात घेतला तरी विवरणपत्राचा सोपा 'सहज' फॉर्म तुम्हाला चालत नाही, मोठा फॉर्म भरून परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट दरवर्षी द्यावं लागतं. ते राहिलं आणि परदेशी शेअर वीस लाखांच्या वर असतील, तर काळ्या पैशाच्या कायद्याखालचा दंड लाखांत आहे. शिवाय अमेरिकेत न राहणाऱ्या, तिथला नागरिक नसलेल्या माणसाच्या नावावर अमेरिकन शेअर असतील आणि तो गेला, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर तिथला वारसा कर लागतो, ४० टक्क्यांपर्यंत. याबाबत भारत-अमेरिका करारही नाही. शाळेत पगार मिळाला की एसआयपी कापली जाते आणि जूनमध्ये अर्ध्या तासात विवरणपत्र भरून होतं, हे सुख घालवू नका. आणि दिरांच्याच नावावर तिकडे घ्या, असा विचार घरात निघाला असेल तर तो तर मुळीच नको. त्यांचा कर, त्यांचे वारस, त्यांचा घटस्फोट सगळं तुमच्या पैशाला लागू होतं. भावाभावांत वाकडं येईल ते वेगळंच.

राहतो इथल्या म्युच्युअल फंडाचा मार्ग. तिथेही एक कुलूप आहे. सगळ्या फंड कंपन्यांनी मिळून परदेशी शेअर्समध्ये किती पैसा न्यायचा याची मर्यादा ७ अब्ज डॉलर आहे, परदेशी ईटीएफसाठी (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) वेगळी १ अब्ज. २०२२ च्या सुरुवातीला ती भरत आली आणि सेबीने नवा पैसा थांबवायला लावला. तेव्हापासून परदेशी फंड कधी उघडतात, कधी बंद होतात, कधी एसआयपीच्या रकमेवर मर्यादा घालतात. तुमची एसआयपी एखाद्या महिन्यात नाकारली गेली तर गोंधळून जाऊ नका, ते पैसे तात्पुरते इथल्या फंडात टाका. पण एक करू नका. फंड बंद आहे म्हणून बाजारातून परदेशी ईटीएफ घ्यायला जाऊ नका, निदान त्याची एनएव्ही आणि बाजारभाव शेजारी ठेवून बघितल्याशिवाय तरी नाही. नवे युनिट निघत नाहीत म्हणून काही ईटीएफ मूळ किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त प्रीमियमने विकले गेलेत. शंभराची वस्तू एकशेदहाला घ्यायची आणि वर रुपयाच्या घसरणीची काळजी करायची, याला काय म्हणावं!

कराचं आता बरं झालं आहे. मध्यंतरी परदेशी शेअर फंडाचा नफा स्लॅबने करपात्र झाला होता. १ एप्रिल २०२५ पासून चोवीस महिने ठेवून विकला तर साडेबारा टक्के, त्याआधी विकला तर स्लॅब.

एजंटचा एनएफओ सोडून द्या. दहा रुपयांचं युनिट स्वस्त नसतं आणि दोनशेचं महाग नसतं, दोन्हींत तुमचे हजार रुपये हजारच असतात. जुन्या फंडाची पाच-दहा वर्षं तरी तपासता येतात, नव्याचा नुसता रंगीत कागद असतो. 'ग्लोबल' नावाखाली बाहेरच्या एखाद्या फंडात पैसे टाकणारा फंड असेल तर खर्च दोन थरांचा, इथला आणि तिथला, हेही विचारून घ्या.

आता तुमचे सात फंड. तुम्ही पाठवलेल्या यादीतल्या प्रत्येक फंडाची मासिक फॅक्टशीट (माहितीपत्रक) काढा आणि पहिल्या दहा कंपन्या एका वहीत शेजारी शेजारी उतरवा. लार्ज कॅप आणि दोन्ही फ्लेक्सी कॅपमध्ये एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स ही नावं पुन्हापुन्हा येतील. ईएलएसएसमध्ये आणि लार्ज अँड मिडच्या वरच्या ओळींतही बहुधा तीच. बागेत थॉमसन द्राक्षाच्या सात ओळी लावल्या म्हणून सात पिकं होत नाहीत, एका अवकाळीत सगळ्या जातात. हे करताना दुसऱ्या फ्लेक्सी कॅपची फॅक्टशीट शेवटपर्यंत वाचा. काही फ्लेक्सी कॅप फंड ६५ टक्क्यांहून जास्त रक्कम भारतीय शेअर्समध्ये ठेवून करात देशी फंडच राहतात आणि उरलेल्यात थोडे अमेरिकन शेअर बाळगतात. तुमचा त्यातला निघाला तर परदेशी हिस्सा तुमच्याकडे आधीच आहे, तुम्हाला माहीत नव्हतं इतकंच.

फंडांच्या बाहेरही तुमची बरीच गुंतवणूक आहे, ती पत्रात तुम्ही मोजलीच नाही. तुम्ही नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस (पगारातून कापून बाजारात गुंतवली जाणारी पेन्शन). सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या योजनेत शेअर्सचा हिस्सा लहान असतो, बाकी मुख्यतः रोखे. तेव्हा निवृत्तीच्या पैशात सुरक्षित भाग भरपूर आहे. फंडांत शेअर्स जास्त असले तरी बिघडत नाही.

सोन्याबद्दल भावाचं ऐका, पण आणखी घेण्यासाठी नव्हे. पंचवीस तोळे म्हणजे आजच्या भावाने तुमच्या साऱ्या फंडांच्या बेरजेपेक्षा जास्त आहेत. आणि सोनं हे छुपं डॉलरचंच खातं आहे. आपण जवळपास सगळं सोनं बाहेरून आणतो, त्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो, त्याला रुपयाच्या दराने गुणून वर आयात शुल्क लागतं. २०१३ मध्ये जगात सोनं पाव हिश्शाहून जास्त पडलं, इथे रुपया पडल्यामुळे घसरण बरीच कमी जाणवली. गलाईच्या धंद्यातल्या माणसाला हे पाठ असतं, विचारा त्याला. म्हणजे रुपया कोसळला तर तुमच्या घरातली सगळ्यात मोठी रक्कम आधीच वर जाणार आहे. दागिने मोडवत नाहीत हे खरं, पण "आपलं सगळं रुपयांतच अडकलंय" ही दिरांची भीती तुमच्या घराला लागू होत नाही.

बागेचंही तसंच. निर्यातीचा माल घेताना व्यापारी किलोमागे रुपयांतच बोलतो, पण बोलण्याआधी युरोचा भाव बघतोच. त्यामुळे थोडीशी युरोची कमाई तुमच्याकडे आहे असं म्हणता येईल. तिच्यावर विसंबू मात्र नका. २०१० मध्ये औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर नाकारले होते, तेव्हा युरोचा भाव काहीही असता तरी उपयोग नव्हता. खरं सांगायचं तर तुमच्या घराला चलनापेक्षा फळछाटणीनंतरच्या पावसाची जोखीम कितीतरी मोठी आहे. म्हणून ती सहा लाखांची एफडी बागेसाठी आहे असं समजा. एक हंगाम गेला तरी औषधं, मजुरी आणि कर्जाचा हप्ता तिच्यातून निघाला पाहिजे. तिला जर्मनीही नको आणि नॅस्डॅकही नको.

यजमानांचा वायद्याचा प्रश्न सांगलीच्या माणसाला शोभतो. रुपया-डॉलरचा वायदा २००८ पासून एनएसईवर आहे, एक सौदा हजार डॉलरचा. पण तिथे भाव फुकट बांधून मिळत नाही. पुढच्या महिन्यांचा डॉलर आजच्यापेक्षा महाग असतो, दोन देशांच्या व्याजातल्या फरकाएवढा साधारण. दहा-पंधरा वर्षं असा डॉलर घ्यायचा भाव बांधत राहिलात तर रुपयाच्या घसरणीची किंमत जवळपास आधीच भरल्यासारखं होईल. शिवाय २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने, खरोखर परदेशी चलनाची देणी-घेणी असल्याशिवाय या बाजारात उतरू नका, हा नियम कडक केला आहे. निर्यातदाराने जरूर वापरावा. शिक्षिकेच्या एसआयपीला त्याची गरज नाही.

तर २४,००० चं काय करायचं? ९,००० जर्मनीच्या आवर्ती ठेवीत. १०,००० भारतीय शेअर्समध्ये, पण दोनच फंडांत: फ्लेक्सी कॅपमध्ये ७,००० आणि मिड कॅपमध्ये ३,०००. उरलेले ५,००० परदेशी रुंद फंडात. या चालीने पाच वर्षांनी परदेशी हिस्सा शेअर्सच्या एकूण रकमेच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास पोचेल. तुमचा पगार, घर, शेती इथेच आहे आणि सोनं बाजूला आहेच, तेव्हा याहून जास्त मी सुचवणार नाही. तुमच्या जागी पुण्याची एखादी तरुण आयटीवाली असती आणि घरात सोनं नसतं, तर पंचवीस म्हटलं असतं.

जमलेल्या १४ लाखांतून ६ लाख काढून जर्मनीच्या खात्यात वळवा. आधी स्मॉल कॅप, मग जास्तीची फ्लेक्सी, लार्ज अँड मिड आणि शेवटी लार्ज कॅप. ईएलएसएसच्या प्रत्येक हप्त्याला स्वतंत्र तीन वर्षं व्हावी लागतात, झालेले तेवढेच निघतील. एका दिवशी सगळं विकू नका. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त आहे, म्हणून काही भाग मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये काढलात तर दोन वर्षांची सवलत मिळते. ६ लाख सात टक्क्यांनी पाच वर्षांत साडेआठच्या जवळ जातील, आवर्ती ठेवीचे सव्वासहा-साडेसहा होतील, मिळून पंधराच्या आसपास. कर कापून थोडं कमी. राहिलेलं एखाद्या चांगल्या हंगामातून.

दरवर्षी एकदाच हिशेब करा. बेदाण्याचे सौदे उरकून पैसे हातात आले की मे महिन्यात, शाळेला सुट्टीही असते. परदेशी हिस्सा पंधराचा वीसच्या वर गेला असेल तर विकायची घाई नको, पुढच्या वर्षीची ती एसआयपी इथल्या फंडात वळवा. विकलं तर कर लागतो, वळवलं तर नाही. रुपया पडला म्हणून घाबरून वाढवायची नाही आणि वधारला म्हणून थांबवायची नाही.

मुलगी जर्मनीऐवजी नेदरलँड्स किंवा फ्रान्सला निघाली तरी चलन तेच राहील. फी मात्र तपासून घ्या. इंग्लंडला जायचं म्हणाली तर पौंडाचा आणि फीचा हिशेब फारच वेगळा आहे, तेव्हा पुन्हा लिहा.